पहारा बदलताना

राजवाड्याच्या चौकात पहारा बदलत होता आणि मोगन्स बाबागाडीच्या टपावर वाकून नातीला सगळं समजावून सांगत होता. शिपायांच्या टोप्या कशाच्या असतात, चौकातला घोड्यावरचा पुतळा कुणाचा, मागच्या चर्चचा घुमट पुरा व्हायला दीडशे वर्षं का लागली. आस्टा पाच महिन्यांची होती. पण तीस वर्षं पाहुण्यांना कोपनहेगन दाखवून पोट भरलेल्या माणसाला ऐकणारं कुणीतरी लागतंच, आणि आस्टा मध्येच प्रश्न विचारत नव्हती.

त्याची मुलगी सिग्ने केस कापायला गेली होती. बाळ झाल्यापासून पहिल्यांदाच तिने ते कुणावर सोपवलं होतं. बाबाचं लक्ष कधीच ठिकाणावर नसतं, हे तिचं लहानपणापासूनचं मत. तरी काल ती म्हणाली होती की उद्या नीट जमलं तर दर गुरुवारी आस्टा तुझी. मोगन्सला रात्रभर धड झोप लागली नव्हती, इतकं त्याला ते हवं होतं.

बँड जोरात वाजला. गाडीतलं बाळ दचकून रडायला लागलं. मोगन्सने टप मागे सारला.

रडणाऱ्या तोंडात खाली दोन दात होते. आस्टाला अजून एकही नव्हता.

क्षणभर त्याला वाटलं, आले असतील एवढ्यात. अडचणीत माणूस असलं खुळं कारणही धरून बघतो. मग त्याने बाळाची टोपी वर केली. हे दुसऱ्याच कुणाचं तरी बाळ होतं.

मघाशी गोल मनोऱ्याजवळच्या कॉफीच्या दुकानाबाहेर पाच-सहा गाड्या ओळीने उभ्या होत्या. सगळ्या काळ्या, सगळ्यांत बाळं गाढ झोपलेली. इथली बाळं बाहेर थंड हवेतच झोपतात आणि आईबाप आत काचेमागे कॉफी पितात. मोगन्सही प्यायला होता. बाहेर येऊन मनोऱ्याकडे बघत त्याने एका गाडीचा दांडा धरला आणि मनोऱ्याची हकीकत सांगत चालू लागला. अर्धा तास तो बोलत होता. एकदाही त्याने आत पाहिलं नव्हतं.

तो गाडी घेऊन पळत सुटला. सत्तरीचा माणूस, दगडी रस्ता, गाडीत ओरडणारं परकं पोर. लोक वाट देत होते, आजोबांची धांदल बघून कौतुकाने हसत होते. त्या हसण्याने तो आणखीच शरमला.

दुकानासमोर एक तरुण बाई उभी होती, पांढरीफटक. तिच्या खांद्यावर आस्टा होती. तिने आस्टाला त्याच्या हातात दिलं, आपल्या मुलाला उचललं आणि त्याच्या मानेत नाक खुपसून बराच वेळ तशीच राहिली. मोगन्स माफी मागत होता. हिने चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं.

“पोलिसांना कळवलं होतं मी,” ती शेवटी म्हणाली. “पण तुम्ही परत येणार असंही वाटत होतं. आपलं बाळ मागे ठेवून दुसऱ्याचं कोण नेईल?”

मोगन्सची मान वर होईना. ती फोन करून मुलगा मिळाल्याचं पोलिसांना सांगत होती, तेवढ्यात ठरल्याप्रमाणे सिग्ने तिथे आली. केस आखूड झाले होते, चेहरा खुलला होता. आस्टाने छळलं नाही ना, असं तिने विचारलं. त्या बाईने फोन ठेवला, मोगन्सकडे पाहिलं आणि तीच म्हणाली, “छे हो, गुणाची आहे पोर.”

परक्या बाईने आपल्यासाठी खोटं बोलावं. मोगन्सला ते गिळता येईना.

“सिग्ने, आस्टा इथेच होती,” तो म्हणाला. “मी यांचा मुलगा घेऊन राजवाड्यापर्यंत गेलो. तो रडला म्हणून कळलं.”

सिग्नेने त्या बाईची माफी मागितली, बाप समोर असताना बापाच्या वतीने. मग आस्टाला गाडीत ठेवलं, दांडा स्वतः धरला आणि चालू लागली. मोगन्स दोन पावलं मागून निघाला.

पुढच्या चौकात दिवा लाल होता. सिग्ने थांबली. मागे न बघता तिने त्याची बाही धरून त्याला पुढे घेतलं आणि या शहरातल्या आया थोरल्या पोराला सांगतात तसं म्हणाली, “गाडीला हात धर, बाबा.”

त्याने धरला. रस्ता ओलांडून झाला तरी सोडला नाही.