पहिली विहीर

पराना प्रांतातल्या जंगलात झाडं तोडून वसवलेल्या चार झोपड्यांची ती पहिलीच विहीर. ती खणायला उतरलेला ओनोफ्रे चाळीस हात खोलवर दोराला लटकत होता. वर त्याची बायको ज्युरेमा रहाटाचा दांडा धरून एकटीच उभी होती. बाकीचे रानात गेले होते.

तेवढ्यात जमीनदाराचा माणूस जेनेझियो घोड्यावरून आला. खाली उतरून त्याने बंदूक रोखली.

"ही जमीन मालकाची आहे. चंबूगबाळं आवरा! ए बाई, हात वर कर!"

"हात वर केले तर माझा माणूस खाली जाईल, दादा." तिने दांड्यावर सगळा भार टाकला. "गोळी घालायची तर घाल, पण आधी दांडा धर. एका गोळीत दोन मुडदे कशाला पाडतोस?"

जेनेझियोने शिवी हासडली. पण तिची मूठ सुटताना दिसली तशी बंदूक टाकून त्याने दांड्याला हात घातला. दोघांनी मिळून ओनोफ्रेला वर ओढलं. तो कमरेपर्यंत भिजला होता.

"पाणी लागलं!" तो ओरडला. मग चमकला. "हा कोण गं?"

ज्युरेमाने पायानेच बंदूक गवतात सारली.

"शेजारी," ती म्हणाली. "आजच राहायला आलाय."

आता तिथे चार लाख वस्तीचं शहर आहे. त्यातल्या सगळ्यात जुन्या रस्त्याला जेनेझियोचं नाव आहे.