ओल्या सारवणावरची पावलं

आमच्या सूनबाईला वळण म्हणून नाही. मी सैपाकघर सारवलं की गोपिका हमखास ओल्यातून चालते. वजन उतरावं म्हणून तिनं नागपुरात ऑपरेशन करून जठर लहान करून घेतलं. डॉक्टरनं आधीच बजावलं होतं, महिनाभर नुसती पेज. जास्त खाल्लं तर टाके फाटतील.

आज दुपारी ती माझ्यासमोर बाजेवर बसली होती, तीन आठवड्यांच्या पेजेवर वाळलेली. तेवढ्यात ओल्या सारवणात एक पाऊल उमटलं. मग दुसरं. रुंद, खोल, वाकड्या अंगठ्याचं, ऑपरेशनाआधीच्या जाड गोपिकेचं.

पावलं चुलीपाशी थांबली. भाताच्या गंजावरचं झाकण वाजलं.

बाजेवर गोपिकेनं पोट दाबून धरलं आणि मला, सासूला, हाक मारली. "मामीजी, मी तं काही खाल्लं नाही, अन् माझं पोट भरून राहिलं."

मी चुलीपाशच्या पावलांकडे बोट दाखवलं.

"गोपिके, ती तूच होय वं. आवर तिले, नाही तं मरशील."