खिडकीजवळची जागा

नव्वदच्या दशकात आडगावांच्या लाइनींवर धावलेल्या पाच डिझेल रेलबसांपैकी चार भंगारात गेल्या होत्या. पाचवी दोन वर्षं मनमाडच्या यार्डात कुलूपबंद उभी होती. आता तीही जाणार, म्हणून तिच्या साफसफाईला नवसाबाईला लावलं होतं.

पहिल्याच दुपारी तिला खिडकीजवळच्या सीटवर रुमाल दिसला. जागा धरायला टाकतात तसा, नीट पसरलेला. तिनं चिमटीत उचलला. खोबरेल तेलानं आणि घामानं तो बुळबुळीत झाला होता, आणि चक्क कोमट होता. तिनं तो खिडकीबाहेर भिरकावला.

दुसऱ्या दुपारी कुलूप उघडलं, तर रुमाल तिथंच. तिसऱ्या दुपारीही.

"मुकादम, आत कोण बसतंय वो?" तिनं खाली उभ्या सावळीरामला विचारलं.

"चावी तुझ्याकडंच हाय ना? दे फेकून."

"रोज फेकते की! शी, लय घाण हाय."

तिनं झाडूच्या बुडख्यानं रुमाल खाली ढकलला, नाक मुरडलं आणि वाकून सीटखालचा कचरा ओढू लागली.

उठताना पदराला ओढ बसली. खिळ्यात अडकला असेल म्हणून तिनं वळून पाहिलं. पदर खिडकीजवळच्या सीटवर नीट पसरला होता. तिनं हिसका दिला, तरी निघेना. माणूस बसल्यावर दबते तशी सीट मधोमध दबली होती, आणि तिथून कोमट, तेलकट ओल पदरावरून तिच्या खांद्याकडे सरकत होती.