दादाच्या मनगटावरचे नव्वद

"बिघाड आहे एवढंच लिहून द्या, काका. दोन ओळी पुरेत."

दुरुस्तीवाल्याने चष्मा कपाळावर सरकवला. टेबलावर पाण्याखाली श्वास घ्यायचे दोन संच होते. एक तिच्या नवऱ्याचा, नऊ दिवसांपूर्वी त्याच्यासकट जहाजाच्या तळाखालून वर काढलेला. दुसरा तिच्या दिराचा. दीर दाराशीच उभा होता, परक्या घरात आल्यासारखा.

"तपासल्याशिवाय कसं लिहू, ताई?"

"सासूबाई भाऊजींशी बोलत नाहीत. म्हणतात, भाऊ खाली असताना हा वर आलाच कसा? भाऊजी भिंतीकडे तोंड करून जेवतात. जेवतात म्हणजे काय, ताट पुढे घेऊन बसतात."

"मी विचारलं होतं," दीर म्हणाला. शंभरदा सांगून ते वाक्य गुळगुळीत झालं होतं. "हवा किती उरली, अशी खूण केली. दादाने मनगट पुढे केलं. घड्याळावर नव्वद होते. भरपूर. म्हणून आलो वर."

दादाची टाकी मात्र रिकामी निघाली होती.

दुरुस्तीवाल्याने दादाचा संच दुकानातल्या भरलेल्या टाकीला जोडला. नळीच्या मुळाशी अंगठ्याएवढा ट्रान्समीटर होता. टाकीत किती हवा आहे ते तो बिनतारी मनगटावरच्या घड्याळाला कळवतो. "दाब मिळाल्याशिवाय ह्याला जाग येत नाही. आमच्या कन्येसारखा," तो सवयीने म्हणाला आणि ओशाळला. झडप उघडली. घड्याळावर नुसत्या रेघा. त्याने ट्रान्समीटरची बॅटरी बदलली. घड्याळ ट्रान्समीटरच्या अगदी जवळ नेलं. रेघाच.

"बघा! बिघाडच आहे." नऊ दिवसांत पहिल्यांदाच तिचा आवाज वर चढला. तिने पर्स उघडून पेन काढलंसुद्धा. "ऐकलंत ना भाऊजी? आईंना मी वाचून दाखवते."

दीर दोन पावलं आत आला.

"थांबा, ह्यांचाही लावून बघतो." दुरुस्तीवाल्याने दिराचा संच दुसऱ्या टाकीला जोडला आणि झडप उघडली.

दादाच्या घड्याळावरच्या रेघा गेल्या. एकशे दहा.

दिराच्या घड्याळावरही एकशे दहा.

दुरुस्तीवाल्याने दोन्ही घड्याळांची बटणं बराच वेळ दाबली. दोन्हींत एकाच ट्रान्समीटरचा नंबर होता. दिराच्या.

"बिघाड नाही, ताई. दोन्ही यंत्रं ठणठणीत आहेत." तो दिराकडे वळला. "ही जोडणी कोणी केली?"

दिराने ओठांवरून जीभ फिरवली. "त्याच सकाळी नव्या बॅटऱ्या टाकल्या. दादा पोशाख चढवत होता. म्हटलं, आण इकडे, मी जोडतो. दोन्ही टाक्या उघड्याच होत्या, शेजारी शेजारी. दोन्ही घड्याळांवर दोनशे दहा आलं." तो थांबला. "म्हटलं, झालं."

"टाक्या एकसारख्याच भरलेल्या. कळणार कसं?" दुरुस्तीवाला हळूच म्हणाला. "घड्याळाने पहिला सापडला तो ट्रान्समीटर धरला."

"म्हणजे ते नव्वद माझ्या टाकीतले…" दीर म्हणाला.



दुरुस्तीवाल्याने दोन्ही झडपा बंद केल्या. "लिहितो मी बिघाड. कुणाला कळतंय?"

"लिहा," ती लगेच म्हणाली. "भाऊजी, आपण बिघाडच सांगायचं."

दीर टेबलाशी आला. त्याने आपल्या संचाचा तोंडात धरायचा तुकडा उचलून दातांत पकडला आणि श्वास ओढला. टाकी बंद होती, नळीत उरली होती तेवढीच हवा. दादाच्या घड्याळावर सत्तर झाले.

"भाऊजी, नका."

त्याने पुन्हा ओढला. तीस.

तिने घड्याळावर हात ठेवला. त्याचं तिकडे लक्षच नव्हतं. डोळे मिटून तो ओढत होता. नळीतला आवाज बंद झाला, छाती ओढ घेत राहिली. तोंडातला तुकडा त्याने काढला नाही.