नखावरचा रंग

जंतुसंसर्ग रक्तात पसरलेल्या काकांचं नख डॉक्टरने दाबून सोडलं. पांढरं पडलेलं नख लगेच गुलाबी झालं, म्हणजे रक्त बोटांपर्यंत पोचत होतं. तरी तिचा जीव थाऱ्यावर येईना. गुडघ्यांवरचे जांभळे डाग तसेच होते आणि रक्ताचा रिपोर्ट तर सकाळपेक्षा वाईट आला होता. पलंगाला वळसा घालून तिने दुसऱ्या हाताचं नख दाबलं. ते बराच वेळ पांढरंच राहिलं.

"काकू, तो एकच हात गरम कसा?"

नवऱ्याच्या उशाशी बसलेल्या काकू चुळबुळल्या. "सकाळी रंग येईना, तेव्हा तुमचा चेहरा पडला होता. म्हणून तुम्ही यायच्या आधी चोळून ठेवते."

डॉक्टरने आधी नर्सला बोलावून औषध वाढवलं. मग म्हणाली, "तो हात तुमचा, हवा तेवढा चोळा. हा मात्र माझा. याला शिवायचंही नाही."

काकूंनी मान हलवली, पण नजर तिच्या चेहऱ्यावरून काढली नाही.

थोड्या वेळाने डॉक्टर परत आली. या खेपेला नख दाबायच्या आधी तिने हनुवटीखाली ओढलेला मास्क डोळ्यांपर्यंत वर घेतला.