शेवटची फळी

"हे घर आहे की गोदी?" असं बायकोने एकदाच विचारलं आणि महिनाभर अबोला धरला. बैठकीच्या खोलीत नवऱ्याची होडी मात्र वाढत राहिली. शेवटची फळी सगळ्यात लांब होती. वाफेवर मऊ झालेली ती फळी वाकवून, गार होईपर्यंत दोन्ही टोकांना धरून ठेवायची. सोडली की पुन्हा सरळ. एकट्याचं ते काम नव्हतं.

"अगं, जरा येतेस?"

ती आली, दुसरं टोक धरून उभी राहिली. बऱ्याच वेळाने म्हणाली, "दोघं मावतील यात?"

"न मावायला काय झालं? तुझा बाक आधीच कापून ठेवलाय."

आणखी थोड्या वेळाने त्याने विचारलं, "झाली का गार?"

तिने फळी चाचपली. "नाही अजून."

त्याच्या हातातलं टोक केव्हाच गार पडलं होतं.

"इकडेही गरमच आहे," तो म्हणाला.