‘काढा’ म्हणजे काय

“‘काढा’ लिहिलं होतं गं तिथे. मला वाटलं, चित्र काढा,” बाबा म्हणाले.

धाकटीने कपाळावर हात मारला. कापडावर छापायच्या बारा नक्षी, सहा महिन्यांचं काम, कॉम्प्युटरवरून सगळं गायब. दूरच्या शहरातल्या मोठ्या कापडगिरणीतली नोकरी या बारा नक्षींवर ठरणार होती. राहायची सोयसुद्धा तिथेच. सहाच्या आत पाठवायच्या होत्या आणि चार वाजून गेले होते.

बाबांवर चिडायचं तरी कसं? त्यांनी जन्मभर दुकानांच्या पाट्या रंगवल्या. त्यांच्या लेखी ‘काढा’ म्हणजे ब्रश घ्या आणि सुरू करा. थोरली लग्न होऊन गेली, मागोमाग आई गेली, घरात उरले दोघंच. दुपारी ती जरा बाहेर पडली, तेवढ्यात त्यांना तिच्या खुर्चीत बसून एखादं फूल काढावंसं वाटलं, तर त्यात काय बिघडलं?

चूक त्या मेल्या सॉफ्टवेअरची. एका मेनूत ‘रेघ काढा’ म्हटलं की रेघ उमटते, दुसऱ्यात ‘पान काढा’ म्हटलं की अख्खं पान उडतं, तिसऱ्यात ‘प्रत काढा’ म्हटलं की छापून मिळतं. भाषेचे पार तीनतेरा! यावरून जेवताना तिने बाबांचे कान कितीदा किटवले होते. कंपनीला तीन पत्रं लिहिली, उत्तरात नुसते आभार आले. शेवटी तिने सगळं कीबोर्डवरून करायची सवय लावली आणि मेनूकडे ढुंकूनही बघेनाशी झाली.

आता त्याच शब्दाने तिचा गळा कापला होता. ज्याच्यावर पोट चालतं त्यानेच दगा द्यावा, याचं तिला रडू आलं.

“दुसरीकडे कुठे ठेवलं नव्हतंस?” बाबांनी विचारलं.

“नाही ना.”

“पेन ड्राइव्हवर वगैरे?”

“कुठेच नाही, बाबा.”

ते पलंगावर टेकले. बिचारे खचले, असं तिला वाटलं.

“तुम्ही नका मनाला लावून घेऊ,” ती म्हणाली आणि तिने कंपनीच्या मदत केंद्राला फोन लावला. स्पीकर मुद्दाम चालू ठेवला. ती कंपनीची कशी बिनपाण्याने करते ते बाबांनाही ऐकू दे.

पलीकडच्या बाईंनी शांतपणे सगळं तपासलं. “मॅडम, तो फोल्डर परत नाही आणता येणार. कायमचा पुसला गेलाय.”

“जाणारच! एका शब्दाचे तीन-तीन अर्थ ठेवता. म्हाताऱ्या माणसाने ‘काढा’ दाबलं, त्याला काय स्वप्न पडणार होतं?”

“तुमची तक्रार रास्तच होती. तुमची पत्रं दिसतायत ना इथे. म्हणून तर गेल्या महिन्यात आम्ही तो शब्द बदलला.”

“बदलला म्हणजे?”

“आता ‘काढा’ कुठेच नाही, मॅडम. पुसायचं असेल तिथे लाल अक्षरांत ‘कायमचे पुसा’ येतं.”

तिने मेनू उघडला. वरपासून खालपर्यंत वाचला. मग दुसरा उघडला, तिसराही.

“घाईत दाबलं गेलं असेल,” ती म्हणाली. बाबांकडे तिने बघितलं नाही.

“नुसतं दाबून होत नाही. फोल्डरचं नाव स्वतः टाइप करावं लागतं. नोंद आहे माझ्यासमोर. दोन वाजून दहा मिनिटांनी ‘नवी नोकरी’ लिहिताना वेलांटी चुकली, म्हणून नाकारलं गेलं. दोन अकराला पुन्हा चुकली. दोन बाराला बरोबर लिहिलंय.”